शिक्केवाली अक्का

मेडिकलच्या दुकानात एक्सपायरी फक्त औषधांना असते, किश्शांना नसते. तारीख उलटलेली औषधं निदान कंपनीला परत पाठवता येतात. किस्से कोण परत घेणार? ते कपाटात नाही, डोक्यात साठत राहतात. पूर्वी रोज चार वाजता मी ते रिकामे करून यायचे. आता वर्ष होत आलं, तशी सोय नाही. म्हणून तुम्हाला सांगते. बसा, गिऱ्हाईक आलं तर मध्येच उठेन, राग मानू नका.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या चौकात आमची चार मेडिकल होती. एक माझं. शेजारी मानेकाकांचं, ते वैरागचे, वयानं सगळ्यांत मोठे. कोपऱ्यावर इक्बालभाईंचं. आणि माझ्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, सिनूचं. नाव श्रीनिवास, पण त्याला श्रीनिवास म्हणणारा माणूस मी फक्त कोर्टात पाहिला. तेलुगू विणकराच्या घरातला, बापानं आयुष्यभर माग चालवला आणि पोराला फार्मसीला घातलं. सिनूच्या दुकानात लांब बाकडं होतं, म्हणून चारचा चहा तिथे. आजूबाजूला टॉवेल-चादरींच्या कारखान्यांची खडखड चालू, आणि तिच्या वर आवाज चढवून आमच्या गप्पा. त्यामुळे आम्ही चौघं अजूनही कुठेही गेलो तरी ओरडून बोलतो.

माझं लग्न राहून गेलं. म्हणजे कुणी मोडलं नाही, कुणी जमवलंही नाही. सांगोल्याकडे भाऊ आहे, त्याची मेंढरं आहेत, डाळिंब आहे, सणाला फोन करतो. इथं माझं माणूस म्हणजे ते बाकडं होतं. सिनूला मी धाकटा भाऊच समजत आले, आणि तो मला अक्का म्हणायचा. त्याचं बघून सगळा चौक अक्का म्हणायला लागला.

आज ते बाकडं शटरच्या आत आहे. शटर खाली आहे. सिनूचा परवाना निलंबित झालाय, कोर्टात केस आहे. पण केसचं काय, ती आज ना उद्या निकाली निघेल. माझ्या जिवाला घोर आहे तो दुसरा. ज्या गोळीपायी हे सगळं झालं, त्या गोळीतून सिनू सुटतो की नाही!

*

पण आधी शिक्क्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

काही औषधं अशी असतात की ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की त्या चिठ्ठीवर शिक्का मारायचा. ‘औषध दिले’, खाली दुकानाचं नाव, तारीख. म्हणजे एकच चिठ्ठी घेऊन माणूस गावभर गोळ्या गोळा करत फिरू शकत नाही. शिक्का बघितला की पुढचा दुकानदार हात जोडतो. साधा नियम आहे.

शिक्का आमच्या चौघांकडेही होता. मानेकाकांचा घरी असायचा, हरवू नये म्हणून! इक्बालभाईंच्या शिक्क्याचं पॅड लग्नाच्या वेळचं, त्यावर शाईपेक्षा धूळ जास्त. सिनू आपला शिक्का पंख्याच्या वाऱ्यानं बिलं उडू नयेत म्हणून वापरायचा. राहिले मी. मी दिसेल त्या चिठ्ठीवर मारायचे. गिऱ्हाईक कटकट करायचं, “बाई, डॉक्टरच्या सहीवरच मारला की, आता हे कागद बाद झालं!” मी म्हणायचे, “बाद होण्यासाठीच मारलाय.”

हाताला सवयच लागली होती. काउंटरवर कागद आला की डावा हात तो सरळ करणार आणि उजवा शिक्का मारणार. एक दिवस ऐन गर्दीत काउंटरवर कागद आला, मी सरळ केला, ठाप! मान वर करून बघते तर समोर मानेकाका, नवा शर्ट घालून, कपाळाला गंध. ती त्यांच्या मुलीची लग्नपत्रिका होती. गणपतीच्या फोटोखाली, मुलीच्या नावाच्या बरोबर वर, ‘औषध दिले’.

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तेवढ्यात सिनू रस्ता ओलांडून आला, त्यानं पत्रिका हातात घेतली, नीट वाचली आणि म्हणाला, “काका, चांगलं झालं की! आता हे लग्न दुसऱ्या दुकानात चालणार न्हाय!”

त्या दिवसापासून मी शिक्केवाली अक्का. लग्नाला गेले तर नवऱ्याकडची माणसंसुद्धा मला बघून हसत होती. मुलगी मात्र सुखात आहे हो.

*

आता ती गोळी.

खरं नाव ट्रामाडॉल. ऑपरेशन झालं, हाड मोडलं, की डॉक्टर थोडे दिवस देतात. दुखणं दाबते. पण आमच्या भागात तिला ते नाव कुणी घेत नाही. इथं तिचं नाव ‘शिफ्टची गोळी’. मागावर बारा तास उभं राहायचं, पोटऱ्यांत गोळे, कमरेत कळ. ती घेतली की म्हणे पाय आपले राहतच नाहीत, आणि वरून जरा मजेत वाटतं. थोड्या दिवसांनी मजा जाते. मग ती न घेता माणसाला उभंच राहता येत नाही.

हणमंत नावाचा एक कामगार होता, अक्कलकोटच्याही पलीकडचा, घरी कन्नड बोलणारा. चाळिशीचा, बायको-मुलं गावाकडे. माझ्याकडे आला.

“अक्का, ती शिफ्टची गोळी द्या की.”

“चिठ्ठी?”

“कशाची चिठ्ठी?”

“डॉक्टरची. चिठ्ठीशिवाय मिळत नाही ती.”

हणमंत माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागला, जणू माझाच काहीतरी घोटाळा झालाय. “डॉक्टरकडं कशाला जाऊ? मी काय आजारी हाय व्हय? मला फकस्त डबल पाळी करायचीया!”

मी नाही म्हटलं. तो रस्ता ओलांडून सरळ सिनूच्या दुकानात गेला आणि खिशाशी हात धरून बाहेर आला.

चहाच्या वेळी मी सिनूला धरला. म्हटलं, हे बरं नाही, चिठ्ठी नव्हती त्याच्याकडे. सिनू चहात बिस्किट बुडवत म्हणाला, “अक्का, माणूस उभा राहून मरायलाय. गोळी देऊ नको तर काय खुर्ची देऊ?”

सगळे हसले. मीही हसले. बोलण्यात त्याला कोण हरवणार!

*

खोकल्याच्या औषधाचं असंच. काही बाटल्यांत गुंगी आणणारं औषध असतं, तेही चिठ्ठीवरच द्यायचं. एकदा सांगोल्याकडचा एक गडी आला, मोठा ऐटीत. चिठ्ठी पुढे केली. मी वाचली. चिठ्ठी जनावरांच्या डॉक्टरची. रुग्णाच्या नावापुढे लिहिलेलं, ‘शेळी’. खाली वेगळ्या पेनानं, वेगळ्या अक्षरात, खोकल्याच्या बाटलीचं नाव. तेही चुकलेलं.

आता याला काय माहीत की ही बाई जन्मापासून शेळ्या-मेंढरांतच वाढलीय! मी म्हटलं, “दादा, शेळी खोकते कशी?”

“म्हंजी?”

“करून दाखवा. कोरडा आहे का ओला ते कळलं पाहिजे.”

तो बिचारा आजूबाजूला बघून घसा साफ करून खोकला. अगदी माणसासारखा. मी म्हटलं, “ही शेळी नाही. शेळी आणा, मग बघू.”

मला वाटलं, ब्याद गेली. दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही बाकड्यावर, आणि चौकात एक मोटारसायकल थांबली. मागे तोच कालचा गडी, त्याच्या मांडीवर शेळी! काळी, पांढऱ्या कानांची, धष्टपुष्ट. त्यानं तिला उचलून माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी केली आणि म्हणाला, “घ्या, तपासा.”

शेळी एकदाही खोकली नाही. उलट मानेकाकांच्या दारातली तुळस खाल्ली. मी चिठ्ठी परत मागितली, म्हटलं यावर ‘दिले नाही’ असं लिहून ठेवते. तर सिनू पोट धरून हसत पलीकडून ओरडला, “अक्का, शिक्का कुटं मारणार? कानावर मारा, कान पांढरं हायती!”

चौकातली माणसं जमली, खूप हसली. गर्दी पांगल्यावर तो गडी पायरीवर बसला. शेळीच्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाला, “बाटलीबिगर झोप लागत न्हाय ओ मला. शेळी चांगली हाय. मीच बरा न्हाय.”

मी त्याला सरकारी दवाखान्यातल्या व्यसनमुक्तीच्या खोलीचा पत्ता दिला, जिथं अशा माणसांना बघतात. गेला की नाही माहीत नाही. शेळी मात्र जाताना माझ्याकडे वळून बघत होती, आणि मला उगीचच घरची आठवण आली. त्या दिवशी भावाला मीच फोन केला. तो म्हणाला, “काय झालं, बरी हायस ना?” काय सांगणार, शेळी बघितली म्हणून फोन केला!

*

सरकारच्या औषध खात्याचे लोक कधी कधी बनावट गिऱ्हाईक पाठवतात. तो चिठ्ठीशिवाय गोळी मागणार, आपण दिली की मागून साहेब हजर. त्यामुळे असा माणूस ओळखायचा कसा, हा आमच्या बाकड्यावरचा कायमचा विषय. शेवटी मानेकाकांनी शोध लावला. आमचं गिऱ्हाईक म्हणजे मागावरचा माणूस. त्याच्या केसांत, भुवयांत, कानांवर कापसाचे तंतू असतात, कितीही झटकले तरी. “ज्याच्या डोक्यात कापूस न्हाय, त्यो खात्याचा!” काकांनी जाहीर केलं, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि आलाच एक! इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, केस तेल लावून चकचकीत, कापसाचा पत्ता नाही. गालाला रुमाल लावून प्रत्येक दुकानात जातोय. इक्बालभाई म्हणाले, “चिठ्ठी लेके आव.” मी म्हटलं, “चिठ्ठी आणा.” सिनू म्हणाला, “डॉक्टरांना भेटा, तब्येतीशी खेळू नका!” सिनू हे म्हणाला, बघा. मानेकाका तर इतके घाबरले, की त्या माणसानं तोंड उघडायच्या आत हात जोडून म्हणाले, “साहेब, आमी औषधं ठेवतच न्हाय!”

मागे भिंतभर औषधं!

तो माणूस रडायच्या बेताला आला. “अहो, मी पलीकडच्या बँकेत नवीन आलोय. माझी दाढ दुखतेय. मी नुसती पॅरासिटामॉल मागतोय हो!”

नंतर त्याला बाकड्यावर बसवून चहा पाजला. गरम चहानं दाढ आणखी दुखली. पुढे कितीतरी दिवस आम्ही एकमेकांना नमस्कारच असा करायचो, “आमी औषधं ठेवतच न्हाय!”

हसलो खरे. पण हा कापसाचा शोध कुणीतरी कुठेतरी बोललं असणार. कारण खात्याचा खरा माणूस आला तो डोक्यात भरपूर कापूस घालून. आणि तो सरळ सिनूकडे गेला.

*

मध्यंतरी काय झालं होतं ते सांगायचं राहिलं. सिनू दुकानातल्या शिडीवरून पडला होता. वरच्या फळीवरचं खोकं काढताना पाय सटकला आणि पाठीवर आपटला. डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली, थोड्या दिवसांपुरती. चिठ्ठी संपली, पाठदुखी संपली नाही. आणि हलवायाला मिठाई बाहेरून आणावी लागत नाही.

आम्हाला कळलं नाही. रोज चार वाजता समोर बसून आम्हाला कळलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. उलट तो जास्तच मजेशीर बोलायला लागला होता. मानेकाका म्हणायचे, “पडल्यापास्नं गडी खुललाय!”

तर त्या कापूसवाल्याला सिनूनं चिठ्ठीशिवाय गोळी दिली, आणि मागून साहेब आले, पोलीस आले. पंचनामा करायचा तर पंच पाहिजेत, शेजारपाजारची दोन माणसं. साहेब म्हणाले, “समोरच्या बाईंना बोलवा. त्यांचं दुकान नियमात असतं.” बघा, शिक्क्याचा असाही उपयोग! मी रस्ता ओलांडून गेले आणि पहिल्यांदाच त्या बाकड्यावर न बसता उभी राहिले.

माल मोजायला सुरुवात झाली. विकलेला थोडा, शिल्लक थोडा, आणि घाऊकवाल्याकडून आणलेला भरमसाट. साहेबांचा आवाज चढला. “मधला माल गेला कुठे? टोळी आहे का? कुणाला पुरवता? नाव सांगा!”

सिनू हसला. त्यानं शर्टाच्या बटणांवर पोटाला हात लावला आणि म्हणाला, “हितं, साहेब.”

हवालदार हसला. साहेबही हसले, त्यांना वाटलं हा थट्टा करतोय. दारात मानेकाका आणि इक्बालभाई उभे होते, तेही हसले, सिनूचं नेहमीचं म्हणून. मी हसले नाही. मी जवळ उभी होते. त्याचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता, नाक गळत होतं, अंगावर काटा आलेला दिसत होता. चार वाजून गेले होते. त्याची चारची वेळ आमच्यासारखी चहाची नव्हतीच, गोळीची होती, हे मला तेव्हा कळलं.

पंचनाम्यात जे दिसलं ते लिहिलं होतं. मी वाचलं, सही केली. फार वाईट वाटलं. पण दिसलं होतं ते खरं होतं.

*

मानेकाका माझ्यावर भडकले. “अक्का, सही करायला तुमीच सापडलाव? डोळं आल्यात म्हणायचं की! चष्मा घरी राहिलाय म्हणायचं! कायबी म्हणायचं!”

इक्बालभाई ओरडले नाहीत, त्यांनी नुसतं विचारलं, “कायकू करे अक्का, ऐसा? अपना भाई था ना वो?” त्याचा जास्त त्रास झाला. त्यांना म्हणावंसं वाटलं, माझा पण भाऊच होता. म्हटलं नाही. पुढे कोर्टात साक्षीला मलाच उभं राहायचं आहे, म्हणजे आगीत तेलच. तेव्हापासून काका आपल्या दुकानात चहा घेतात, भाई आपल्या दुकानात.

चहावाल्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. सिनूचं शटर बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी चार वाजता तो चार कप घेऊन चौकात उभा. इकडे बघतो, तिकडे बघतो. शेवटी माझ्या काउंटरवर चारही ठेवले आणि म्हणाला, “बाकीचे येतील तसे घेतील.”

कुणी आलं नाही. गार व्हायला लागले. टाकायला जीव होईना, म्हणून मी चारही प्यायले. एक माझा, एक काकांचा, एक भाईंचा, एक त्याचा. जी काही ॲसिडिटी झाली! गोळी माझ्याच दुकानातली घेतली. त्या गोळीला शिक्का लागत नाही.

आता तो एकच कप आणतो. फोनवर बोलतानासुद्धा मी ओरडूनच बोलते, तेवढं बाकड्याचं राहिलंय. एरवी दिवसभर ‘सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर’ एवढंच बोलणं होतं माझं. काही दिवशी संध्याकाळी दुकान आवरताना लक्षात येतं, आज आपलं असं एक वाक्यही कुणाशी बोलले नाही.

*

सिनूला जामीन मिळाल्यावर बायकोनं त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घातलं. तिचं नाव लक्ष्मी. फार धीराची बाई, पण मला बघितलं की तोंड फिरवायची. तरी एकदा स्वतःच येऊन म्हणाली, “चला अक्का, त्यांनी तुमाला बोलावलंय.”

केंद्र गावाबाहेर. सिनू वाळला होता, पण डोळ्यांत ओळख होती. मला बघताच म्हणाला, “बसा अक्का, एक किस्सा हाय.” मला इतकं बरं वाटलं! बाकडं बंद झाल्यापासून मला कुणी किस्सा सांगितला नव्हता.

पहिल्या दिवशी तिथल्या समुपदेशक ताईंनी सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, ज्याची त्याची गोळी कुठून यायची ते मोकळेपणानं सांगा. एकेक जण सांगत होता. सिनूच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस उभा राहिला आणि सिनूकडे बोट करून म्हणाला, “ह्यांच्याकडनं.”

तो हणमंत होता! तोच, डबल पाळीवाला. सिनूला वाटलं, आता हा मारतोय. हणमंत वाकला, सिनूकडे निरखून बघितलं आणि मनापासून चौकशी केल्यासारखं विचारलं, “शेट, तुमीबी डबल पाळी करत होता व्हय?”

किस्सा सांगताना सिनू हसत होता, मीही हसले. मग मी विचारलं, “तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार? व्हय म्हणालो.” तो खिडकीकडे बघायला लागला. “माफीबी मागितली. तो म्हणाला, राहू द्या शेट, जेवायला चला.”

निघताना त्यानं मला दारात गाठलं. “अक्का, कोर्टात बघितलं तसंच सांगा. माझ्यासाठी गोड करून सांगू नका. काकांना मी बोलतो.”

बोलला की नाही, देव जाणे. काका अजून बोलत नाहीत.

*

हा शेवटचा. हा मी कुणालाच सांगितलेला नाही.

केंद्रातून आल्यावर सिनू त्याच्या एका भावाच्या टॉवेलच्या कारखान्यात लागला, गठ्ठे बांधायला. मध्ये बरेच दिवस दिसला नाही. गेल्या आठवड्यात चारच्या सुमारास मी चहाचा कप हातात घेतला आणि समोरून तो येताना दिसला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. केसांत, भुवयांत कापूस. खात्याचा नव्हे, खरा.

तो आत आला नाही. काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं उभा राहिला. इतक्या वर्षांत त्या बाजूला मी त्याला कधी बघितलं नव्हतं. डाव्या हातानं खिशातून कागद काढला आणि पुढे सरकवला.

दवाखान्याचा कागद होता. गठ्ठा अंगावर पडून मनगट मोडलं होतं. डॉक्टर नवीन, त्यांना सिनूचं मागचं काही माहीत नाही. खाली औषधं लिहिलेली. कॅल्शियम, पित्ताची गोळी, आणि ती. डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, तारीख, सगळं जागच्या जागी. चूक काढायला जागा नाही.

मी म्हटलं, “सिनू, ही चिठ्ठी बरोबर आहे.”

“व्हय की. म्हणून तर भीती वाटायलीय.”

“डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?”

“लाज वाटली. मागं रांग होती.”

“मी फोन करते त्यांना. दुसरं काहीतरी लिहून घेऊ.”

“करा. पण ते आता ऑपरेशनला गेलेत, उद्याच भेटतील.” त्यानं रस्त्याकडे मान वळवली. “अक्का, हितनं घरापर्यंत वाटेत किती मेडिकल लागतात, तुमाला म्हाईत हाय ना?”

मी म्हटलं, “मग फाडून टाक.”

“कसा फाडू? परत दाखवायची तारीख ह्याच्यावरच हाय. रजेलाबी हाच कागद लागतोय.” त्यानं कागद डाव्या हातानं सरळ केला, अगदी मी करते तसा, आणि माझ्यापुढे धरला. “गोळी देऊ नका. शिक्का मारा.”

कारखाने नेहमीसारखे खडखडत होते. चहा गार होत होता. न देता ‘औषध दिले’ असा शिक्का मी जन्मात मारलेला नाही. आणि कोर्टात खरं सांगायला मीच उभी राहणार आहे.

“दुखतंय का फार?” मी विचारलं.

“लई दुखतंय, अक्का.”

मी शिक्का उचलला. त्याच्यावर तोंडाची वाफ सोडली, पॅडवर दाबला, आणि त्या गोळीच्या नावावर मारला.

सिनूनं कागद उचलून उजेडात धरला, बराच वेळ बघितला, आणि परत काउंटरवर ठेवला.

“फिकट उमटलाय,” तो म्हणाला. “अजून एकदा मारा.”